आंब्याला धाक

माझ्या नवऱ्याचा धंदा झाडं छाटण्याचा होता, आणि त्यातला बराचसा वेळ तो झाडं छाटायला नकार देण्यात घालवायचा. ही ऐंशीच्या दशकातली भिवंडी. तेव्हा ज्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती तो तिथे गाळा बांधून पॉवरलूम टाकत होता, आणि त्या जागेत झाड असलं तर त्याचं काय करायचं याबद्दल कोणाच्या मनात शंका नसायची. शंका फक्त माझ्या नवऱ्याच्या मनात असायची. त्याने शेतकीचा डिप्लोमा केला होता, ठाण्याच्या एका रोपवाटिकेत काही वर्षं काढली होती, आणि झाडाचं आयुष्य आपल्यापेक्षा मोठं असतं, म्हणून त्याच्या बाबतीत घाई करू नये, असं त्याचं मत होतं. या मतावर पोट भरू पाहणारा आमच्या गावात तो एकटाच असावा.

दारावर त्याने पाटी लावली होती. 'शास्त्रीय वृक्षछाटणी' एवढंच लिहायला सांगितलं होतं. पेंटरने ते लिहिलं, आणि जागा उरली म्हणून स्वतःच्या मनाने खाली एक कुऱ्हाड काढून दिली. चांगली काढली होती, पात्यावर चमकसुद्धा होती. नवऱ्याने ती काळ्या रंगाने बुजवून घेतली. त्यामुळे पाटीवर शेवटपर्यंत एक काळा डाग राहिला, आणि पत्ता विचारणाऱ्याला लोक त्या डागाचीच खूण सांगायचे.

गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक लूमवाले शेठ. फांद्या सिमेंटच्या पत्र्यावर घासतात, पाला पन्हाळीत अडकतो, ही त्यांची तक्रार. शेठ वर बोट दाखवून म्हणायचे, "भाई, पूरा साफ कर दो."

"पूरा नहीं करूंगा," नवरा म्हणायचा. "एक साल में चौथाई से ज्यादा पत्ता नहीं निकालते. पत्ता उसका चूल्हा है. चूल्हाही निकाल दिया तो खाएगा क्या?"

"अरे, पेड़ है भाई, मेहमान थोड़ी है."

मग शेठ दोन कुऱ्हाडवाले बोलवायचे आणि संध्याकाळपर्यंत झाडाचं डोकं उडालेलं असायचं. वर्षा-दोन वर्षांत त्या थोटक्यावर दाट, कमकुवत फांद्यांचा झुबका यायचा आणि वाऱ्याच्या एका झोताने पत्र्यावर कोसळायचा. शेठ पुन्हा आमच्या दारात. नवरा जायचा. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तो गिऱ्हाइकाला कधी म्हणाला नाही. ते तो घरी येऊन मला म्हणायचा.

आमची ओळखही झाडामुळेच झाली. मी प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. शाळेच्या आवारात मोठा शिरीष होता आणि त्याची एक फांदी पाण्याच्या टाकीवर आली होती. हा माणूस दोर, करवत आणि कोन गावातला एक दणकट गडी घेऊन आला. आम्ही बायका व्हरांड्यात उभ्या राहून बघत होतो, कारण मधली सुट्टी होती. त्याने आधी फांदी खालून अर्धवट कापली, मग जरा पुढे सरकून वरून कापून ती दोराने अलगद उतरवली, आणि उरलेला तुकडा शेवटी बुडाशी कापला. एकदम कापली तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते, असं त्याने न विचारताच सांगितलं. बुडाशी जे फुगीर कडं असतं त्याला तो कॉलर म्हणाला. कॉलरला धक्का लावायचा नाही आणि कॉलरच्या पुढे खुंटीही ठेवायची नाही, तरच झाड ती जखम स्वतः मिटवतं. फांदीला कॉलर असते हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या हेडबाई म्हणाल्या, "थोडी खुंटी राहू द्या की, घंटा टांगायला बरी."

"नाही," तो म्हणाला. "खुंटी सडते, आणि सड आत जाते."

हेडबाईंना 'नाही' म्हणणारा माणूस मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच पाहत होते. वर्षभरात आमचं लग्न झालं. माझे वडील कोर्टात कारकून. 'जावई काय करतात' या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत 'शेतकीच्या बाजूला आहेत' असंच उत्तर दिलं.

सासर भिवंडीलगतच्या टेमघरला. सासरे शेतकरी, पण मी आले तेव्हा शेताचा बराच भाग गाळ्यांखाली गेला होता आणि उरलेल्या तुकड्यात भात लावण्यापेक्षा तो तुकडा कोणाला द्यायचा याचीच बोलणी जास्त चालायची. सासऱ्यांनाही झाडं छाटणं माहीत होतं, पण ते राबाचं. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, ते. त्यासाठी बांधावरच्या ऐनाच्या झाडांची हिरवी डहाळी, जिला ते कवळ म्हणायचे, दरसाल तोडून वाळवायची. बांधावरचे ऐन त्यामुळे वर्षानुवर्षं खांबासारखे उभे, शेंड्याला तेवढा पाल्याचा गोंडा. सासऱ्यांच्या लेखी झाड म्हणजे देणारी वस्तू होती. राब देतं, सरपण देतं, फळ देतं. मुलगा झाडावर चढतो आणि चार काटक्या काढून उतरतो, उरलेलं तसंच ठेवतो, हे त्यांना कधी पटलं नाही. "जेवाला बसला नि ताटात ठेवून उठला," असं ते त्याच्या कामाबद्दल म्हणायचे.

घरामागे एक आंबा होता. रायवळ, जुना, रुंद बुंध्याचा. माझं लग्न व्हायच्या आधी तो भरभरून द्यायचा असं सगळे सांगायचे. मी आले आणि त्याने देणं बंद केलं. म्हणजे तो त्याआधीच्या वर्षीही फारसा आला नव्हता, असं एकदा सासूच्याच तोंडून निसटलं होतं, पण हिशोबात तो तपशील कोणी धरत नव्हतं.

न देणाऱ्या आंब्यासाठी आमच्या सासरी एक रीत होती. दिवाळी आटोपली की पुढच्या अवसेला, मोहोराच्या आधी, झाडाला धाक घालायचा. सकाळी सासरे धोतराचा काचा मारून, कुऱ्हाड खांद्यावर टाकून आंब्यापाशी जायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "तोडतू मी याला आज! खातो-पितो नि देत काय न्हाय!" मग सासू पाण्याचा तांब्या घेऊन धावत जायची. रोज गुडघे दुखतात म्हणणारी सासू त्या दिवशी खरोखर धावायची. "नको ओ, तोडू नको! पुढल्या वर्षाला देल तो!" असं तीनदा व्हायचं. मग सासरे कुऱ्हाडीची बोथट बाजू बुंध्यावर एकदा आपटायचे, सासू मुळाशी पाणी घालून हळद-कुंकू लावायची, आणि दोघं चहाला आत यायची. गयावया करणारी बाई लेकुरवाळी असावी असा नियम होता. म्हणून मी हा कार्यक्रम स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे.

पहिल्या वर्षी मला हसू आलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या चुलतसासूने कुंपणावरून तो कार्यक्रम बघितला आणि नंतर आमच्या ओट्यावर चहा पिता पिता म्हणाली, "सून आली नि आंबा थांबला. दोगांनाबी धाक घालाला पायजे." सगळे हसले. मीही कपबशा उचलताना हसले, कारण न हसून काय करणार होते. त्या बाईच्या कपात मी पुढे वर्षभर साखर कमी घातली.

तर मुद्दा हा की मला मूल होत नव्हतं. हे मी सरळच लिहिते, कारण त्या काळात कोणी सरळ बोलत नव्हतं आणि त्याचा मला फार त्रास झाला. 'काही विशेष?' असं विचारायचे. सासू वज्रेश्वरीला नवस बोलली. नवऱ्याने मला कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, स्वतःचीही तपासणी करून घेतली, आणि बाई म्हणाल्या, दोघांतही दोष दिसत नाही, थांबा. 'थांबा' हेच नवरा गिऱ्हाइकांनाही सांगत असायचा. आंब्याला आतून निघणाऱ्या ज्या सरळसोट, पालेदार पण निकामी फांद्या असतात त्यांना त्याच्या धंद्यात वांझ फुटवे म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो त्यांना 'आतले फुटवे' म्हणायला लागला. त्याने तसं ठरवून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण माझ्या लक्षात आलं होतं.

मग सासऱ्यांनी गाळ्याचं काढलं. एक शेठ घरामागच्या जागेत गाळा बांधून लूम टाकायला तयार होता. जागा उत्तम होती, फक्त मधोमध आंबा होता. सासरे काही दुष्ट नव्हते. त्यांनी जेवताना जाहीर केलं की आंब्याला आणखी दोन वर्षं मुदत देऊ. दिलं तर ठेवू, न्हाय तर काढू. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. मला वाटलं नाही. मला त्या आंब्याचं प्रेम वगैरे नव्हतं, त्याच्या पाल्याने माझं अंगण रोज घाण व्हायचं. पण जो देत नाही त्याला काढायचं, असा एकदा घरात नियम झाला, की तो पुढे कोणाकोणाला लागू होईल ते सांगता येत नाही. आमच्या आळीत दुसरी बायको आणलेली दोन घरं होती आणि दोन्ही घरांतल्या पहिल्या बायका सकाळी माझ्याबरोबरच पाण्याच्या रांगेत उभ्या असायच्या. मला खरी भीती वाटत होती, आणि ती मी नवऱ्यालाही सांगितली नाही.

नवरा मात्र त्या रात्री जेवून उठला तो कंदील घेऊन आंब्याखाली गेला. घरचंच झाड, पण तोवर वडिलांनी त्याला त्याच्यावर करवत लावू दिली नव्हती. आता मुदतच दिली होती, तेव्हा हरकत घेता येईना. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, त्याने शिडी लावली. वर जाऊन आला आणि आईला म्हणाला, "आई, वरचं जे हिरवंगार दिसतंय ना, ते आंब्याचं नाहीच. बांडगूळ आहे."

सासूला हे पटेना. तीच तर झाडाची हिरवी बाजू होती. वर्षानुवर्षं त्या पाल्यातली लाल-केशरी फुलं बघून तिला झाड जिवंत असल्याचा दिलासा मिळायचा. त्याने एक तोडलेली फांदी आणून दाखवली, बांडगुळाची मुळं आंब्याच्या लाकडात कशी उतरली आहेत ते दाखवलं. नुसतं वरचं ओरबाडून उपयोग नाही, खाली निरोगी लाकडापर्यंत कापावं लागतं. सासू बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे आमी याला खत-पानी घालीत होतू, नि जेवीत होता दुसराच."

त्या पहिल्या वर्षी त्याने बांडगूळ आणि मेलेलं लाकूड तेवढं काढलं. दुसऱ्या वर्षी एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या आणि आतले फुटवे. सासऱ्यांनी कधीकाळी राबासाठी, शेळ्यांसाठी खालच्या फांद्या खुंट्या ठेवून तोडल्या होत्या, त्या सडक्या खुंट्याही त्याने कॉलरपर्यंत साफ केल्या, आणि मोठ्या जखमांना मोरचूद नि चुन्याचा निळसर लेप लावला. झाडाच्या पोटात ऊन पोचलं पाहिजे, तो म्हणायचा. ऊन पोचायला लागलं. त्याबरोबर शेजारच्या लूमवरून उडणारं कापसाचं तूसही पोचलं आणि माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलं.

"औंदा देल?" सासऱ्यांनी विचारलं.

"यंदा नाही. छाटल्यावर झाड आधी स्वतःला सावरतं."

"मंग पुढल्या सालाला?"

"कदाचित. खात्री देत नाही."

"मंग छाटलास कशाला?"

यावर नवरा जे बोलला ते मी ताक घुसळताना ऐकलं. तो म्हणाला, "फळ आलं म्हणजे झाड चांगलं, असं नसतं, बाबा. मरायला टेकलेलं झाडही कधीकधी भरभरून देतं. आणि धडधाकट झाड गप्प बसतं. झाड जगलं पाहिजे, ते त्याचं काम. देणं हे नंतरचं." सासरे तंबाखू मळत बसले. नवरा हे आंब्याबद्दल बोलत होता. तो नेहमी झाडांबद्दलच बोलायचा. मला मात्र उगीचच रवी हातात धरून थोडा वेळ उभं राहावंसं वाटलं.

मुदतीचं दुसरं वर्ष आलं. दिवाळीच्या सुमाराला विटांचा ट्रक आला आणि विटा आंब्याच्या मुळाशीच उतरवून गेला. नवऱ्याने त्या एकट्याने उचलून कुंपणाकडेला रचल्या, मुळांवर भार नको म्हणून. विटा कशासाठी आल्या यावर बाप-लेक बोलले नाहीत. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती, ओरडायची फक्त अवसेला होती.

अवस त्या वर्षी शुक्रवारी आली. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी भिवंडीत खटखटीमुळे शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत नाही, त्या दिवशी भांडं पडलं तरी चार घरांना कळतं. मी शाळेतून रजा घेतली होती, डोकं दुखतं असं सांगून. ते खरंच दुखत होतं. नवरा पहाटेच काल्हेरला गेला होता. तिथे नवं गोदाम झालं होतं आणि ट्रकच्या टपाला फांद्या लागतात म्हणून त्यांनी वडाचं डोकं उडवायला त्याला बोलावलं होतं. तो दिवसभर नकार देत बसणार होता.

सासरे कुऱ्हाड घेऊन निघाले आणि त्याच वेळी मागच्या वाटेने शेठचा गवंडी लाइनदोरी घेऊन आला. त्याला आजच्या प्रकाराची कल्पना नसावी. तो कडेला उकिडवा बसून विडी ओढत वाट बघू लागला. चुलतसासू कुंपणापाशी होतीच.

"तोडतू मी याला आज!" सासरे ओरडले.

"नको ओ, तोडू नको. पुढल्या वर्षाला देल तो." सासू धावत गेली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. तिला गवंडी दिसला होता.

दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. आता कुऱ्हाडीची बोथट बाजू आपटायची आणि चहा. मी आत आधण ठेवलं होतं आणि एका हाताने भाकरीचं पीठ मळत होते. खिडकीतून मला दिसलं की सासऱ्यांनी कुऱ्हाड हातात फिरवली आणि धार झाडाकडे केली.

"दर वर्षाला ह्याच सांगतस," ते म्हणाले. हे ओरडून नव्हतं. ते नेहमीच्या आवाजात बायकोशी बोलत होते, आणि म्हणूनच मला धसका बसला. "पुढल्या वर्षाला, पुढल्या वर्षाला. नि न्हाय देला तर?"

सासूला पुढे काही येईना. रीतीत तिला एकच उत्तर होतं आणि ते देऊन झालं होतं. ती तांब्या धरून उभी राहिली. गवंड्याने विडी खाली धरली. मी आयुष्यात कधी गर्दीत बोलायला पुढे झाले नव्हते, दुसरीतल्या पोरांपुढे सोडून. पण मी पिठाच्या हातानेच मागच्या दारातून बाहेर आले, आणि ज्या भाषेवरून मला सासरी 'मास्तरीण' म्हणून चिडवायचे ती भाषा त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"न्हाय देला तर न्हाय देला," मी म्हणाले. "ऱ्हाव दे त्याला."

कुंपणावरून चुलतसासू म्हणाली, "तू कशाला गो मधी? लेकुरवालीचं काम हाय ते."

मी आंब्याकडे बघत होते. मला लाज वाटत होती, आणि मला रागही आला होता, सगळ्या आळीचा, त्या आंब्याचासुद्धा. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते सून म्हणून माझ्याकडे सहसा बघायचे नाहीत, बोलायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून बोलायचे. त्या दिवशी सरळ बघितलं, बराच वेळ. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यांनी कुऱ्हाड खाली घेतली.

सासू माझ्याजवळ आली. मला वाटलं, आत जा म्हणेल. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला.

"वत पानी," ती म्हणाली.

"माझे हात पिठाचे आहेत, आई."

"पीठ काय झाराला बाधत न्हाय. वत."

मी मुळाशी पाणी ओतलं. हळद-कुंकवाची वाटीही तिने माझ्याच हातात दिली. आंब्याच्या बुंध्याला त्या वर्षी हळद-कुंकवाबरोबर थोडं तांदळाचं पीठही लागलं. चुलतसासू काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. सासूला आलं असावं. ती न वळता म्हणाली, "तुज्या घरी चूल पेटली न्हाय काय?"

मग सासऱ्यांना गवंडी आठवला. "मी काय तोडीत होतू काय?" ते त्याच्यावरच खेकसले. "धाक घालीत होतू. बस तू. आंबा धरून मोज."

"आंबा धरून कसा मोजू? गाळा वाकडा होल."

"होव दे वाकडा."

गाळा वाकडाच झाला. आंब्याकडचा कोपरा आत घेतला, त्यामुळे शेठला ठरल्यापेक्षा कमी लूम बसवावे लागले आणि तो पुढे कितीतरी वर्षं येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघून मान हलवायचा. नवरा काल्हेरहून आला तेव्हा अंधार पडत आला होता. त्याने वडाचं डोकं वाचवलं होतं आणि काम गमावलं होतं. मी त्याला काही सांगितलं नाही. आईने सांगितलं असावं, कारण रात्री तो म्हणाला, "बुंध्याला पीठ लागलंय." मी म्हटलं, "लागलंय." तो म्हणाला, "मुंग्या येतील." आणि माझा हात हातात घेऊन तसाच झोपला.

पुढच्या ऑक्टोबरात त्याने तिसरी छाटणी केली, अगदी थोडी, झाडाचं पोट मोकळं करण्यापुरती. दिवाळी झाली, अवस आली. सासरे ओट्यावर बसून होते. सासूने विचारलं, "आज अवस ना?"

"हाय."

"मंग कुऱ्हाड?"

"कोनाला धाक घालाचा?" सासरे म्हणाले. "मास्तरीण काय बोल्ली ऐकलास ना." आणि त्यांनी तंबाखूची डबी उघडली. कुऱ्हाड पुढे कधी निघाली नाही. सरपण फोडायलासुद्धा नवी आणली.

त्या हंगामात आंब्याला मोहोर आला. गाळ्याच्या वाकड्या कोपऱ्यावर, पत्र्यावर, माझ्या कपड्यांवर मोहोराचा सडा पडायचा. चैत्र-वैशाखात कैऱ्या धरल्या, पुढे पिकल्या. चवीला आंबट होत्या आणि इतक्या धाग्यांच्या, की खाल्ल्यावर दातांत अर्धा तास काम असायचं. आळीत म्हणू लागले की त्या वर्षी धार दाखवली म्हणून तो घाबरला. नवरा म्हणायचा, बांडगूळ गेलं आणि ऊन पोचलं म्हणून. मला दोन्ही ऐकून घ्यायला हरकत नव्हती. आंब्यांची पहिली पाटी सासूने चुलतसासूकडे पाठवली. सगळ्यांत आंबट आंबे निवडताना मी तिला पाहिलं होतं.

मला मूल झालं नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी आमच्या ओट्यावर हळदीकुंकू होतं. तोवर घरासमोरचं रिकामं रानही गाळ्यांनी भरलं होतं, आणि नवऱ्याला आता शाळा-बँकांची कामं येत होती, लोक एका सालात चौथाईच छाटायला तयार होऊ लागले होते. सासू थकली होती, खुर्चीत बसून सगळ्यांवर देखरेख करायची. मी आतून तिळगुळाचं ताट घेऊन येत होते. कोणाकडे तरी नव्याने आलेली, आमची माहिती नसलेली एक बाई सासूला विचारत होती, "तुमच्या सूनबाईंना काय आहे? मुलगा की मुलगी?"

मी दाराच्या आडच थांबले. अशा वेळी सासूचं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं. देवाची मर्जी, असं म्हणून ती विषय बदलायची.

सासू म्हणाली, "न्हाय झाला."

"अरेरे. मग काही उपाय..."

"न्हाय झाला तर न्हाय झाला," सासू म्हणाली. "घर हाय तिचा. ऱ्हाते."

ती बाई गोंधळली आणि तिने आंब्याबद्दल काहीतरी विचारलं. मी ताट तसंच घेऊन स्वयंपाकघरात परत गेले आणि खिडकीपाशी उभी राहून रडले. खूप दिवसांनी मोकळं रडले. मागे आंबा होता, त्याला नुकताच मोहोर येत होता, आणि त्याच्या बुंध्यावर जिथे नवऱ्याने खुंटी कापली होती तिथली जखम चहूबाजूंनी मिटत आता रुपयाएवढी उरली होती. बाहेरून सासूने हाक मारली, "काय गो, तिळगूळ बनवतेस का आनतेस?" मी डोळे पुसले आणि ताट घेऊन बाहेर गेले.